लिफ्टमधल्या दादाची भीती

“मॅडम, मुलांसमोर रंगाचा विषय काढावा की नको?” हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक नाना तऱ्हांनी विचारतात. कुणाच्या मुलीने वर्गात नव्याने आलेल्या नागालँडच्या मुलीला ‘चायनीज’ म्हटलेलं असतं. कुणाच्या मुलाने भर मॉलमध्ये आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याकडे बोट दाखवलेलं असतं. कुणाची सावळी लेक तोंडाला साय फासून आरशासमोर बसलेली असते. काळजी मात्र सगळ्यांची एकच: आपण बोललो तर नसतं खूळ डोक्यात शिरेल. त्यापेक्षा गप्प बसावं, मोठं झालं की कळेल आपोआप.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बोलावं, आणि लवकर बोलावं. का, ते ईशानच्या निमित्ताने सांगते. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.)

ईशान साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत. घर सातव्या मजल्यावर आणि पोरगं लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला तयार नाही. ओढलं तर रडून गोंधळ, दोनदा तर चड्डीत शू झाली. आईला वाटलं, बंद जागेची भीती असेल. पण मॉलच्या लिफ्टमध्ये तो मजेत जायचा. भीती फक्त सोसायटीच्या लिफ्टची होती.

“काही घडलं होतं का तिथे?” मी विचारलं.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्या खालच्या मजल्यावर टांझानियाचा एक मुलगा राहतो, इंजिनिअरिंगला आहे. लिफ्टमध्ये तो होता आणि हा मोठ्याने म्हणाला, ‘आई, हा दादा अंघोळ करत नाही का?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला मराठी कळलं नसेल, पण बोट तर दिसलंच ना!”

“मग तुम्ही काय केलंत?”

“याचा हात घट्ट दाबला. म्हटलं, शू, एक शब्द बोलायचा नाही. खाली येईपर्यंत मान वर केली नाही मी.”

कुठल्याही सभ्य आईने हेच केलं असतं. पण ईशानच्या बाजूने बघा. त्याने प्रश्न विचारला तेव्हा तो घाबरलेला नव्हता, त्याला फक्त कुतूहल होतं. पुढच्या क्षणी आईची पकड घट्ट झाली, आवाज बदलला, आई खाली बघू लागली. आई कधी अशी करते? रस्त्यावर कुत्रं अंगावर आलं की. मुलं आपले शब्द नंतर ऐकतात, आधी आपलं अंग वाचतात.

“पण मॅडम, एवढ्याशा पोराला रंगबिंग काय कळतंय?” ईशानचे बाबा म्हणाले. हेही मी नेहमी ऐकते. तीन महिन्यांची बाळंसुद्धा आपल्या आजूबाजूच्या माणसांसारखे दिसणारे चेहरे जास्त वेळ बघतात. नवजात बाळांत हे दिसत नाही, आणि ज्यांच्याभोवती तऱ्हेतऱ्हेचे चेहरे असतात त्या बाळांतही ते आढळत नाही. म्हणजे हे सवयीने येतं. अमेरिकेत १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली, काळी वाईट. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाचा आधार घेतला. त्या मुलांना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आपल्याकडेही कुणी शिकवत नाही.

आता मुख्य गोष्ट. मी ईशानसमोर कागद आणि क्रेयॉन्स ठेवले आणि लिफ्टचं चित्र काढायला सांगितलं. त्याने चौकोन काढला, आई काढली, स्वतःला काढलं. मग खोक्यातून पिवळट गुलाबी खडू शोधला. आपल्याकडची मुलं त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. तो खडू आईच्या तोंडाला, तोच स्वतःच्या. दादाला काळा.

“ईशान, तुझ्या हातावर ठेव बरं तो स्किन कलर. सारखा आहे का?”

त्याने ठेवला. बघत राहिला. “नाही.” मग तपकिरी ठेवला, “हा जास्त आहे.” मग तपकिरीवर नारिंगी घासून पाहिला. बऱ्याच खटपटीने त्याच्या हाताच्या जवळ जाणारा रंग तयार झाला. त्याने माझाही हात मागितला, माझा रंग वेगळा निघाला. मग काळा खडू दादाच्या चित्रावर ठेवला आणि म्हणाला, “दादा असा काळा नाहीये. तो चॉकलेटी आहे.” मी काही बोलले नाही. मुलं हातांनी काम करत असली की तोंड आपोआप उघडतं, हा माझा अनुभव आहे. अशा वेळी मोठ्यांनी गप्प बसायचं असतं.

थोड्या वेळाने खाली मान घालूनच त्याने विचारलं, “मावशी, त्या दादाची आई कुठे असते?”

“त्याच्या गावाला. टांझानियाला.”

“तिने त्याला ओळखलं नाही का?”

मला आधी अर्थ लागेना. “का रे ओळखणार नाही?”

“तो उन्हात खूप खेळला ना! आजी मला म्हणते, उन्हात खेळून किती काळवंडलास, ओळखूच येत नाहीस.”

आजीने प्रेमाने म्हटलेलं वाक्य. आपल्या घराघरात दर मे महिन्यात हे कानावर पडतं. ईशानने ते शब्दशः घेतलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना माणसाचा मूळ रंग कायमचा असतो हे पक्कं कळलेलं नसतं. त्यामुळे त्याचा हिशोब सरळ होता: दादा उन्हात खेळला, काळा झाला, घरच्यांना ओळखू येईना, म्हणून आता आईशिवाय परक्या गावात राहतो. आणि आपणही क्रिकेट खेळायला उन्हात जातो.

त्याला दादाची भीती नव्हतीच. त्याला दादासारखं होण्याची भीती होती. मुलाला परक्या माणसाबद्दल जे वाटतं, त्याचं मूळ पुष्कळदा घरात त्याच्या स्वतःच्या कातडीबद्दल जे बोललं जातं त्यात असतं. माझ्या कामात हे मी वारंवार पाहिलंय, पण इतक्या लख्खपणे क्वचितच.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल मनात उमटलेलं वाक्य माणसाला जास्त छळतं, असं ती सांगते. पाच वर्षांच्या मुलाला वादाने वाक्य बदलायला लावता येत नाही, पण पुरावा दाखवता येतो. पुढच्या वेळी मी आजींना बोलावलं. त्या आल्या त्याच अपराधी चेहऱ्याने. “अहो, मी लाडाने म्हणत होते हो.” मी म्हटलं, “आजी, माहितेय मला. म्हणूनच हे काम तुम्हीच करायचं.”

आजींचे डोळे ओढणीने बांधले. ईशानला काळ्या शालीत डोक्यापासून गुंडाळलं. मी, आई आणि तो, तिघं रांगेत उभे राहिलो. आजींनी हातांनी चाचपून ओळखायचं. माझ्यापाशी आल्या, पुढे गेल्या. ईशानच्या पायाच्या अंगठ्याला हात लागला मात्र, म्हणाल्या, “हा माझा! नखं कापायची राहिलीत की रे!”

तो शालीतून बाहेर आला तो खिदळतच. पुन्हा, पुन्हा म्हणत तोच खेळ चालला. एकदा तर तो न बोलता, श्वास रोखून कोपऱ्यात बसला, तरी आजींनी केसांच्या वासावरून ओळखलं. शेवटी त्याने स्वतःच निकाल दिला: “आजी मला अंधारातपण ओळखते.” त्या दिवशी मला माझ्या कामाचं फार समाधान वाटलं, हे लपवत नाही.

मग रंगाची माहिती द्यायला वेळ लागला नाही. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात आणि तुझ्या-माझ्या-दादाच्या अंगात त्या जवळजवळ सारख्याच असतात. कुणाच्या जास्त रंग बनवतात, कुणाच्या कमी. तो रंग म्हणजे उन्हासाठी अंगातली छत्री. दादाचे पूर्वज कडक उन्हाच्या देशातले, म्हणून त्यांची छत्री दाट. ती त्याला आई-बाबांकडून मिळाली, उन्हात खेळून नव्हे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी भीती, मग माहिती. पोटात गोळा आलेल्या मुलाला तुम्ही “सगळी माणसं सारखीच असतात” असं सांगितलंत तर ते त्याला खोटं वाटतं, कारण त्याला फरक दिसतोय. फरक दिसणं चूक नाही. “हो, वेगळा आहे रंग, बरोबर पाहिलंस,” एवढं म्हटलं तरी मूल अर्धं शांत होतं. चारचौघांत प्रश्न विचारलाच, तर समोरच्याकडे बघून हसावं, सॉरी म्हणावं आणि मुलाला त्याच आवाजात सांगावं, “त्यांचा रंग जन्मापासून तसाच आहे, छान अंघोळ करून आलेत ते. आणि बोट दाखवलं की माणसाला वाईट वाटतं.” आवाज चढवू नये, हात दाबू नये. पुढे ईशानच्या आईने लिफ्टमध्ये त्या मुलाशी स्वतःहून बोलायला सुरुवात केली. मुलाला पुढे ढकललं नाही. परक्या देशात शिकायला आलेला तो पोरगा काही आपल्या मुलांच्या धड्याचं साहित्य नाही, हे मी त्यांना बजावलं होतं.

भावना कुठलीही असो, ती चालते. चिडवणं, नाव ठेवणं चालत नाही. मुलाने वर्गातल्या ईशान्येकडच्या मुलीला ‘चिंकी’ म्हटलं तर तिथे ठाम थांबवायचंच. २०१४ साली दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा जीव गेला, त्या प्रकरणाची सुरुवात चिडवण्यापासून झाली होती.

आणि तुमचंच मूल ‘काळी’ म्हणून रडत घरी आलं तर? “लक्ष देऊ नकोस” म्हणू नका, ते मुलांना जमत नाही. “तू कुठे काळी, तू तर गव्हाळ” असंही नको. त्यातून काळं असणं वाईटच, हे तुम्हीही कबूल करता. आधी विचारा, “कुठे दुखलं?” रडू द्या. मग, “हो, तुझा रंग सावळा आहे, माझ्या आईसारखा. तो चिडवायचा विषय नाही. उद्या पुन्हा कुणी चिडवलं तर तू काय म्हणशील, आत्ता म्हणून बघू.” दोन-तीनदा घरात सराव झाला की वर्गात तोंडातून शब्द फुटतो. शिक्षकांच्या कानावरही जरूर घाला.

सात-आठ वर्षांच्या पुढे इतिहास कामाला येतो. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला, १६१० साली त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हळियाळकडचे सिद्दी मूळचे आफ्रिकेचे, आणि घरात कोकणी बोलतात. मुलांना हे फार आवडतं, विचारत सुटतात. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आली नाहीत तरी बिघडत नाही, सोबत बसून शोधा.

घरातल्या मोठ्यांशी मात्र या विषयावर भांडू नका. ईशानच्या आजींना मी एवढंच सुचवलं की उन्हातून आला की “काळवंडलास”च्या जागी “दमलास का रे, पाणी पी” म्हणा. जुनी सवय, अधूनमधून तोंडून निघतंच. तेव्हा ईशान स्वतःच त्यांना आठवण करून देतो. भीती काही आठवडे टिकली, मूल शाळेत जायला नकार देऊ लागलं, झोपेतून दचकून उठू लागलं, तर मात्र वाट बघू नका. समुपदेशकाकडे जा, आणि जाताना घरातल्या आजी-आजोबांनाही सोबत न्या.