सामन्याच्या दिवशीच पोटात का दुखतं?

"मुलगा चांगला खेळतो, पण आता सोडतो म्हणतो. सोडू द्यावं का?" शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की कुडाळात माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

मालवण तालुक्यातला तेरा वर्षांचा मुलगा, कबड्डीतला चढाईपटू. सामन्याच्या दिवशी सकाळी पोटात मुरडा आणि उलटी. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. वडील एकेकाळी गावच्या मंडळाकडून प्रकाशझोतातल्या स्पर्धा गाजवलेले. घरात मारझोड नाही, आरडाओरडा नाही. आईला कळेना, मग भीती कसली?

मुलाशी एकट्याशी बोलले. कबड्डी नकोशी झालीय का? त्याने मान हलवली, नाही. मग नकोसं काय वाटतं? बराच वेळ बोटं मोडत बसला आणि म्हणाला, "घराक जाताना गाडयेर."

मैदान ते घर, मोटरसायकलवर अर्धा तास, वडील अख्खा सामना नव्याने खेळायचे. शेवटच्या सामन्यानंतर म्हणाले होते, "बोनस समोर होतो, घेवक काय झाला तुका?" मुलाने माझ्या टेबलावर बोटाने बोनस रेषा ओढून दाखवली; चढाईत ती ओलांडली की एक जादा गुण, तोच बोनस. समोर पाचच जण उरले होते, आणि सहा बचावपटू मैदानात असल्याशिवाय बोनस मिळतच नाही. तीस सेकंदांच्या चढाईत, दम धरून, त्याने नीट मोजलं होतं. पण गाडीवर हे बापाला सांगायची छाती झाली नाही.

त्याला विचारूनच मी हे वडिलांच्या कानावर घातलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "मगे मी काय बोलू?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. चुका दाखवायला प्रशिक्षक आहेत. घरच्यांनी पाणी द्यावं, भूक लागली का विचारावं, "तुझा खेळ बघायला मला आवडतं" एवढं म्हणावं. सामन्याचा विषय मुलाने काढला तरच काढावा, आणि तेव्हाही आधी त्याला बोलू द्यावं. रेषेबाहेरून सूचना ओरडू नयेत. प्रशिक्षक एक सांगतात, बाप दुसरं, आणि पोर मधल्यामध्ये अडकतं. वजनगटात बसवायला मुलाला उपाशी ठेवणं तर मला मुळीच मान्य नाही. वाढत्या वयाची पोरं ती.

सोडायचं की नाही, हे हरल्याच्या संध्याकाळी ठरवू नये. हंगाम पुरा होऊ द्यावा, मग शांतपणे त्यालाच विचारावं. मात्र दुखणं एरवीही होत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी पुन्हा डॉक्टरांकडेच जावं.

या मुलाची पोटदुखी एकदम थांबली नाही, हळूहळू कमी झाली. वडिलांनाही गप्प बसणं जड गेलं. हंगाम संपल्यावर मुलाने सांगितलं, कबड्डी खेळणार, पण मे महिन्यात सराव नाही, विहिरीत पोहायचंय. वर्षातले दोन-तीन महिने त्याच एका खेळाला सुट्टी द्यावी, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. वडिलांनी कबूल केलं.