रोज सकाळी दुखणारे पोट आणि पहिलीचा वर्ग

‘मुलगी पहिलीत जायला लागली आणि रोज सकाळी तिचे पोट दुखू लागले. रविवारी मात्र काहीही होत नाही. ती खोटे बोलते आहे का, आणि अशा वेळी तिला शाळेत पाठवावे की घरी ठेवावे?’ हा प्रश्न जून संपता संपता माझ्याकडे येऊ लागतो आणि गणपतीपर्यंत या ना त्या रूपात येत राहतो. शाळा उघडल्यावरचे पहिले काही दिवस नव्या दप्तराच्या आणि नव्या बुटांच्या नवलाईत निघून जातात. पाऊस लागून राहिला, गणवेश वाळेनासा झाला आणि शाळा रोजचीच झाली की मग पोट दुखू लागते. या प्रश्नाला मी एका कुटुंबाच्या अनुभवातून उत्तर देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला तिची आजी ‘छकुली’ म्हणत असे, तेच नाव इथे ठेवते.

बीड जिल्ह्यातल्या एका गावातून हे कुटुंब चाकणजवळ राहायला आले होते. वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पाळीने काम करत, आई घरी असे आणि आजी दोन्ही घरी येऊन जाऊन असत. गावाकडे छकुली घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या अंगणवाडीत जायची. इकडे आल्यावर तिला थेट मोठ्या इमारतीच्या शाळेत पहिलीला घातले. आई तिला घेऊन आली तेव्हा घरात पोटदुखीबद्दल तीन मते तयार झालेली होती. वडिलांच्या मते हे शुद्ध नाटक होते. आजींच्या मते पोरीला दृष्ट लागली होती आणि त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून टाकून पाहिलीही होती. आईला दोन्ही पटत नव्हते. पण सकाळी साडेआठ वाजता पोटाशी पाय घेऊन पडलेल्या मुलीला उचलून न्यावे की राहू द्यावे, हे तिला रोज नव्याने ठरवावे लागत होते.

खोटेपणाच्या शंकेचे उत्तर मी आधी देते. सहा वर्षांचे मूल पोट दुखते म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ते खरोखर दुखत असते. भीतीने किंवा ताणाने आतड्यांची हालचाल बदलते, मळमळते, कळ येते, आणि ताण टळला की ते शमतेही. म्हणूनच रविवारी आणि सुट्टीत मूल ठणठणीत दिसते. दुखणे वेळ पाहून येते एवढ्यावरून ते लबाड ठरत नाही. उलट ते केव्हा येते आणि केव्हा जाते, हीच आपल्या हाती असलेली सर्वांत उपयोगी माहिती असते.

तरीही अशी मुले माझ्याकडे आली की मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणे, ताप, वारंवार उलट्या, वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, लघवीला जळजळ होणे, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखत राहणे, यांतले काहीही असेल तर समुपदेशकाची वाट न पाहता डॉक्टर गाठावेत. छकुलीच्या बाबतीत यांतले काही नव्हते. लघवीची तपासणी साफ आली. मात्र डॉक्टरांना बद्धकोष्ठता आढळली, आणि ती लहान मुलांच्या पोटदुखीचे अगदी नेहमीचे कारण आहे. त्यांनी औषध दिले, पाणी वाढवायला सांगितले आणि त्या पाण्याच्या सूचनेपाशीच खरी गोष्ट उघडी पडली.

आई सहज म्हणाली, “मॅडम, पाणी कुठलं प्यायला? बाटली भरून देते, तशीच्या तशी परत येती.” मी शाळेतून घरी आल्यावर ती काय करते ते विचारले. “बूटसुद्धा काढत नाही, तशीच मोरीकडं पळती.”

अशा वेळी आई-वडील पुष्कळ काही सांगतात, अभ्यासाचे सांगतात, बाईंच्या स्वभावाचे सांगतात, शेजारच्या मुलाने चिमटा काढल्याचे सांगतात. पण न उघडलेली पाण्याची बाटली आणि बुटांसकट मोरीकडे धावणारी मुलगी या दोन गोष्टी कुणी तक्रार म्हणून सांगत नाही, कारण त्या तक्रारी वाटतच नाहीत.

छकुलीला मी खडू-कागद देऊन शाळा काढून दाखवायला सांगितली. तिने फाटक काढले, बाई काढल्या, खिचडीचे पातेले बाईंपेक्षा मोठे काढले, आणि मैदानात उड्या मारणारी मुले काढली. मुलींची बाथरूम कुठे आहे असे विचारल्यावर तिने खडूची पेटी बंद केली. मी पुढे काही विचारले नाही, पातेल्याला रंग देत बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “तिथं अंधार असतो. कडी वर असती. मोठ्या पोरी दार वाजवतात.” मग म्हणाली, “बाई म्हणल्या, मधल्या सुट्टीतच जायचं.”

तिचा हिशेब पूर्ण होता. वर्ग चालू असताना जायचे नाही, असा तिने बाईंच्या सूचनेचा अर्थ लावला होता. मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गांतल्या मुलींची गर्दी असे. कडीपर्यंत हात पोहोचत नव्हता आणि कडी न लावता बसणे तिला शक्य नव्हते. तेव्हा पाणीच प्यायचे नाही, म्हणजे जावेच लागणार नाही. गावच्या अंगणवाडीतून तिला लागली की ती सरळ घरी येत असे. परवानगी मागणे, करंगळी दाखवणे, रांगेत उभे राहणे यांतले काहीही तिने कधी केले नव्हते. पाणी कमी पडून आणि शौचाची भावना दाबून बद्धकोष्ठता झाली, तिने पोट दुखू लागले, आणि सकाळी शाळेची वेळ झाली की पुढचे कित्येक तास कसे काढायचे या धास्तीने ते अधिकच दुखे.

आता स्वागताविषयी. छकुलीच्या शाळेने पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव थाटात केला होता. दाराला तोरण, मुलांचे औक्षण, हातात गुलाबाचे फूल, डोक्यावर कागदी मुकुट, रंगात बुडवलेल्या पावलांचे ठसे, पुस्तकांचे वाटप आणि पाहुण्यांची भाषणे असे सगळे झाले. आईने मोबाइलमधला मुकुट घातलेला फोटो मला कौतुकाने दाखवला. हार-फुलांना माझा विरोध नाही, मुलांना ती आवडतात. पण मी आईला विचारले की त्या दिवशी तुम्ही वर्ग पाहिला का, पिण्याचे पाणी कुठे आहे, मुतारी कुठे आहे, मुलीला बरे वाटेनासे झाले तर कुणाला सांगायचे, हे तुम्हाला कुणी दाखवले का? तिने सभागृहाच्या पलीकडची शाळा पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाबाहेर उभी राहून मुलीला आत सोडत होती. जी जागा आईला ठाऊक नाही तिच्याबद्दल ती मुलीला धीर तरी कसा देणार? “काही होत नाही, जा” यापलीकडे तिच्याजवळ शब्द नव्हते, आणि मुलाला त्या शब्दांमागचा पोकळपणा लगेच कळतो.

शाळा उघडण्याआधी पहिलीच्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तिथे मूल आईसोबत येते, छोट्या छोट्या कृती करते, आणि घरी काय करून घ्यायचे ते आईला सांगितले जाते. हे कुटुंब जूनमध्ये गावाकडून आलेले, त्यामुळे त्यांचा तो मेळावा हुकला होता. ऐनवेळी स्थलांतर करणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे असेच होते, आणि शाळेची खरी ओळख करून देण्याची सर्वाधिक गरज नेमकी त्यांनाच असते.

पुढचे काम बाईंशी बोलण्याचे होते आणि तिथे आई अडली. “तक्रार केली तर बाई पोरीवर राग काढतील.” ही भीती शिकलेल्या, न शिकलेल्या अशा सगळ्याच पालकांत असते. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा असून तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. शाळेत मुला-मुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी असलेच पाहिजे, असे त्यात लिहिले आहे आणि मुलांना शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. हे मी आईला मुद्दाम सांगितले, म्हणजे आपण कुणाकडे उपकार मागायला चाललो आहोत असे तिला वाटू नये. पण कायद्याचे कलम हातात घेऊन पहिली भेट सुरू करू नये, असेही सांगितले. पहिलीच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या वर्गात मुले बरीच होती, एकाने परवानगी मागितली की पाठोपाठ सगळ्यांनाच लागते हा अनुभव प्रत्येक शिक्षिकेला असतो, आणि मधल्या सुट्टीची सूचना त्यांनी त्यापोटी दिली होती.

आम्ही आईचे बोलणे आधी म्हणून पाहिले. ते असे होते: “बाई, छकुलीला बद्धकोष्ठतेसाठी डॉक्टरांनी पाणी जास्त प्यायला सांगितलंय, ही त्यांची चिठ्ठी. तिला मध्येच जावं लागेल. ती विचारायला घाबरते, तर तिनं नुसती करंगळी दाखवली तरी सोडाल का? आणि एकदा शाळा सुटल्यावर मी तिला आत नेऊन बाथरूम दाखवली तर चालेल का?” यात दोष कुणाला दिलेला नाही, मागणी दोनच गोष्टींची आहे आणि दोन्हींना बाई तिथल्या तिथे होकार देऊ शकतात. बाईंनी तो दिला. इतकेच नव्हे, तर दाराची कडी उंचावर आहे हे आपल्या कधी लक्षातच आले नाही, असेही त्या म्हणाल्या. मोठ्यांच्या हाताला ती सहज लागते.

शाळा सुटल्यावर मायलेकी रिकाम्या इमारतीत फिरल्या. छकुलीने नळ सोडून पाहिला, दार आतून लोटून पाहिले, आई बाहेर उभी राहून तिच्याशी बोलत राहिली. बाईंनी वर्गातल्याच एका मुलीला तिची सोबतीण नेमले; दोघींनी मिळून जायचे, एकीने दाराशी थांबायचे. खालची कडी बसायला बरेच दिवस गेले. शिपाईकाकांनी तोवर आतल्या बाजूने एक दोरी बांधून दिली आणि तिचा उपयोग इतर मुलींनाही झाला.

घरी काय करायचे हेही ठरले. सकाळी घाईच्या आधी, नाश्त्यानंतर, तिला थोडा वेळ शौचाला बसवायचे, झाले नाही तरी रागवायचे नाही. फाटकापाशी निरोप एकदाच आणि थोडक्यात घ्यायचा, कारण आई रेंगाळली की मुलाची खात्री पटते की आत खरोखर काहीतरी भिण्यासारखे आहे. पोट दुखते म्हणाली तर “हो, दुखत असेल, आपण शाळेत जाऊ, जास्त दुखलं तर बाई मला फोन करतील,” असे म्हणायचे. ताप किंवा उलटी असल्याखेरीज घरी ठेवायचे नाही. आणि ठेवलेच तर तो दिवस मोबाइल आणि कार्टूनचा होऊ द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या सकाळी दुखण्याला आणखी एक कारण मिळते. वडिलांना मी एकच गोष्ट सांगितली, ‘नाटक’ हा शब्द घरातून काढून टाका. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळची रड ऐकवत नाही हे मला समजते. पण मुलगी अविश्वासाला उत्तर म्हणून आणखी मोठ्याने रडत होती. आजींची मीठ-मोहरी मी बंद केली नाही. तिने कुणाचे काही बिघडत नव्हते, आणि मुलीला तेवढा वेळ आजीच्या मांडीवर मिळत होता.

पोटदुखी एका झटक्यात गेली नाही. बाटली आधी अर्धी रिकामी येऊ लागली, मग पूर्ण. सकाळची तक्रार आधी रोजची होती, ती सोमवारपुरती उरली. गणपतीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा उसळली आणि आई घाबरून फोनवर म्हणाली की सगळे मुसळ केरात. तसे नव्हते. मोठ्या सुट्टीनंतर असे होतेच, दिवाळीनंतरही झाले, आणि दोन्ही वेळा जुनाच क्रम नेटाने चालवल्यावर आठवडाभरात मावळले. पालकांनी हे आधीपासून धरून चालावे. मात्र महिना-दीड महिना उलटूनही मूल रोज रडत असेल, घरातही गप्प झाले असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, किंवा शाळेतल्या विशिष्ट व्यक्तीचे नाव काढताच दचकत असेल, तर ती सवयीची अडचण समजून थांबू नये. शाळेशी आणि जाणकारांशी लगेच बोलावे. मूल एखाद्या व्यक्तीला भीत असेल तर त्याला तिथे लोटत राहणे हा उपाय नव्हेच.

पुढच्या जूनमध्ये त्या शाळेने प्रवेशोत्सव केला, तोरण आणि मुकुट होतेच. मात्र भाषणे आटोपती घेऊन बाईंनी नव्या पालकांचे लहान लहान गट केले आणि मुलांसकट त्यांना पूर्ण इमारतीतून फिरवले. प्रत्येक मुलाने नळ सोडला, कडी लावून उघडली, आणि परवानगी कशी मागायची ते करून दाखवले. उशिरा दाखल होणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या पहिल्याच दिवशी असे फिरवून आणायचे, असेही ठरले. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया; त्या वर्षी छकुलीची आई त्यांतली एक झाली होती. स्वच्छतागृहातल्या दिव्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तारा बदलाव्या लागणार आहेत असे मुख्याध्यापकांनी सांगितले, आणि तो विषय तिने समितीच्या पुढच्या बैठकीसाठी लिहून दिला आहे.