नावापुढचा ‘डॉक्टर’

प्रश्न : मी शेतकरी, कांदा-मका करतो. बायबल स्कूलचा एक वर्षाचा कोर्स केला आणि गेली बारा वर्षं आमच्या मंडळीत वचन सांगतो. मागच्या महिन्यात एका संस्थेचा फोन आला : ‘तुमची सेवा पाहून मानद डॉक्टरेट द्यायची आहे, गाऊन, प्रमाणपत्र आणि जेवण धरून पंचवीस हजार भरा.’ घरचे म्हणतात, घ्या. संमेलनाच्या पत्रिकेत रेव्हरंड-डॉक्टर वर असतात, माझं नाव तळाला ‘स्थानिक बंधू’ म्हणून. घ्यावी का?
— एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : भाऊ, घेऊ नका. मान देणारा जेवणाचे पैसे पाहुण्याकडून घेत नाही. पण तुमचं खरं दुखणं ‘स्थानिक बंधू’ हे आहे, आणि ते मला चांगलं कळतं. पाळक म्हणून माझी दीक्षा झाली त्याच आठवड्यात मी धुळ्याच्या पेंटरकडून ‘रेव्ह.’ लिहिलेली पाटी रंगवून आणली. आई म्हणाली, “पोस्टमनले घर माहीत से. हाई कोनासाठे?” पाटी बरीच वर्षं दारावर होती. आईला उत्तर मात्र दिलं नाही.

शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. सेरामपूरची (बंगालमधलं, आपलं श्रीरामपूर नव्हे) बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करणारी पोरं हिब्रू-ग्रीकशी झटतात, ती पदवी त्यांच्या घामाची. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हटलं, ते त्यांचं संस्कृत पारखून. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याच बाई हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबलचं भाषांतर करत बसल्या, १९२२ साली देह ठेवेपर्यंत. पदवीआधी विद्या होती आणि पदवीनंतरही अभ्यास थांबला नाही.

आता बायबलमधलं पहिलं तीमथ्य, तिसरा अध्याय उघडा. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची तिथे यादी आहे : दारूडा नको, मारका नको, पैशाचा लोभी नको, पाहुण्यांना घर उघडं असावं, घर नीट चालवणारा असावा. शिकवता यावं, हेही आहे. पदवीचा शब्द नाही. आणि सातव्या वचनात, बाहेरच्या लोकांत त्याची साक्ष चांगली असावी. आमचे लोक हे वचन घाईने वाचतात. बाहेरच्यांना विचारायला जातो कोण?

मी जात असे. कोणाची शिफारस करायची वेळ आली की आधी त्याच्या गावच्या किराणा दुकानात चहा. एकदा एका गोड गळ्याच्या उपदेशकाचं नाव काढलं, तर दुकानदार काही बोलला नाही, नुसती उधारीची वही माझ्यापुढे सरकवली. दुसऱ्या एकाच्या शेजाऱ्याला विचारलं, तो ख्रिस्ती नव्हता. म्हणाला, “तुमचा देव मला कळत नाही, पण हा माणूस बांध कोरत नाही.” खानदेशात याहून मोठं शिफारसपत्र मी पाहिलेलं नाही. ‘स्थानिक’ शब्दाचा राग येतो ना? बांध आणि वही स्थानिकाचीच तपासता येते.

एक मात्र खुपलं. बारा वर्षं वचन सांगता असं लिहिलंत, त्यात काय वाचलंत याची ओळ पत्रात नाही. साधेपणाच्या आड आळसही लपतो. मी स्वतः लपवलेला आहे. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय : अपुल्लो आलेक्सांद्रियाचा, बोलका, शास्त्रात पक्का, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबूवाल्या नवरा-बायकोने त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. त्या दोघांच्या नावापुढे कोणतीही पदवी नव्हती, ज्ञान होतं. आणि अपुल्लो रुसला नाही. तुम्हाला कोण समजावतं? यशयाचं अख्खं पुस्तक शेवटचं कधी वाचलंत?

त्या पंचवीस हजारांतून एक चांगली शब्दसूची (कोणता शब्द बायबलात कुठे येतो ते सांगणारी) आणि वचनांचा अर्थ उलगडणारे एक-दोन टीकाग्रंथ घ्या. उरलेले विहिरीवरच्या मोटारीला लागतीलच, उन्हाळा तोंडावर आहे. महिन्यातून एक संध्याकाळ दोघा-तिघांना घेऊन एकच पुस्तक वाचा. तीमथ्याची ती यादी मात्र एकट्याने वाचू नका. घरच्या बाईंना मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्या कुठे खाकरतात तिकडे कान ठेवा.

फोन पुन्हा येईलच, ही माणसं चिवट असतात. आला की एवढंच विचारा : “माझी सेवा पाहिलीत म्हणता, तर माझा कोणता उपदेश ऐकलात?” काय म्हणाले ते मला कळवा.