वाचकांचे प्रश्न : रोमन नाण्यांसाठी पहिला ग्रंथ कोणता घ्यावा?

प्रश्न : गेली दोन वर्षे मी प्राचीन रोमन नाणी जमवीत आहे. अलीकडेच एका लिलावातून सम्राट टायबेरियसचा चांदीचा डेनेरियस घेतला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘आरआयसी ३०’ एवढेच लिहिलेले आहे. याचा अर्थ काय, आणि त्यासाठी ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’चे सगळे खंड विकत घ्यावे लागतील का? – एक वाचक, सातारा

उत्तर : सगळे खंड घेण्याची घाई करू नये. चिठ्ठीवरचा आकडा मात्र अपुरा आहे. आपण म्हणता त्याच मालेचे, म्हणजे रोमन सम्राटांच्या काळातील नाण्यांची क्रमवार नोंद देणाऱ्या ग्रंथमालेचे, आरआयसी हे संक्षिप्त नाव. तिचा पहिला खंड १९२३ मध्ये आणि दहावा १९९४ मध्ये निघाला, आणि या दीर्घ काळात क्रमांक लावण्याची रीत एकसारखी राहिली नाही. आरंभीच्या खंडांत क्रमांक सम्राटागणिक पुन्हा १ पासून सुरू होतात, तर सहाव्यापासून नवव्या खंडापर्यंत ते टाकसाळीगणिक सुरू होतात. साहजिकच ३० क्रमांकाची नाणी या मालेत कितीतरी आहेत. शिवाय नाणकशास्त्रज्ञ सदरलँड यांनी सुधारलेली पहिल्या खंडाची आवृत्ती १९८४ मध्ये आली, तेव्हा त्यातले क्रमांक बदलले. म्हणून खंड, आवृत्ती, सम्राट आणि क्रमांक हे चारही तपशील दिल्याशिवाय संदर्भ पुरा होत नाही.

१९८४ च्या आवृत्तीत टायबेरियसचा ३० क्रमांक म्हणजे लुग्दुनम, अर्थात आजच्या फ्रान्समधील लिआँ, येथे पाडलेला डेनेरियस. त्याच्या मागील बाजूस आसनस्थ स्त्री व ‘पॉन्टिफ मॅक्सिम’ (मुख्य पुरोहित) हा लेख, म्हणजे नाण्यावर कोरलेली अक्षरे, असतो. मात्र याच छापाचे जवळजवळ सारखे दिसणारे प्रकार वेगवेगळ्या क्रमांकांखाली नोंदलेले आहेत, आणि आसनाचे पाय साधे आहेत की नक्षीदार, खाली रेषा एक आहे की अधिक, अशा खुणांवरून ते वेगळे ओळखावे लागतात. तेव्हा भिंग घेऊन आधी आसन पाहावे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने ते पाहिलेच असेल असे नाही.

विकत घ्यायचे पहिले पुस्तक म्हणून मी डेव्हिड सीअर यांच्या ‘रोमन कॉइन्स अँड देअर व्हॅल्यूज’चा २००० साली निघालेला पहिला खंड सुचवीन. त्यात रोमन प्रजासत्ताकापासून, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळापासून, इ. स. ९६ पर्यंतची नाणी येतात, लेख वाचण्याची ओळख होते आणि नोंदींसोबत मोठ्या ग्रंथांचे क्रमांकही मिळतात. त्यातील किमती आता जुन्या झाल्या आहेत, त्यांवर विसंबून बोली लावू नये. आरआयसीच्या जुन्या खंडांतील दुर्मिळतेच्या श्रेणींनाही हेच लागू पडते, कारण त्यानंतर उजेडात आलेले पुरलेल्या नाण्यांचे साठे त्यांत जमेस धरलेले नाहीत.

आरआयसीवर आधारलेली ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ ही सूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहे. आपल्या नाण्यापुरते काम तिच्यावर भागेल. प्रजासत्ताकाच्या नाण्यांकडे वळलात तर मायकेल क्रॉफर्ड यांचा ‘रोमन रिपब्लिकन कॉइनेज’ हा १९७४ चा द्विखंडात्मक ग्रंथ अटळ आहे. पूर्वेकडील प्रांतांतली ग्रीक लेखांची नाणी मात्र आरआयसीत शोधू नयेत. त्यांच्यासाठी ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ ही स्वतंत्र माला १९९२ पासून निघते आहे.

आपल्याला जवळचा आणखी एक ग्रंथ आहे. टायबेरियसचे असे डेनेरियस दक्षिण भारतातील साठ्यांत मोठ्या प्रमाणावर सापडले आहेत, आणि रोमन नाण्यांच्या अनुकृतीही येथे पाडल्या गेल्या. पॉला टर्नर यांच्या ‘रोमन कॉइन्स फ्रॉम इंडिया’ या १९८९ च्या पुस्तकात भारतातील रोमन नाण्यांच्या साठ्यांचा विचार केलेला आहे. छाप ओळखण्यासाठी ते फारसे उपयोगी नाही, पण आपले नाणे लिलावापूर्वी कोठून आले असावे याचा विचार करताना ते हाताशी हवे. विकत घेण्याआधी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करावी.