लघवीतलं पोटॅशियम ‘नॉर्मल’, तरी डॉक्टर काळजीत का?

प्रश्न: माझ्या आईच्या पायांत गोळे येतात, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही. रक्तातलं पोटॅशियम ३.० आलं. मग २४ तासांची लघवी तपासली, त्यात ६२ मिलिमोल निघालं. रिपोर्टवर २५ ते १२५ असं छापलंय, तरी डॉक्टर म्हणतात हे जास्त आहे. आई रात्री एकदा डब्यात लघवी धरायला विसरली, त्यामुळे आकडा चुकला असेल का? ती रक्तदाबाची गोळी घेते.

उत्तर: तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. असा रिपोर्ट हातात आला की मी आधी त्याच सुमाराचा रक्ताचा आकडा मागते. त्याच्याशिवाय लघवीतल्या पोटॅशियमला अर्थ लागत नाही. २५ ते १२५ ही मर्यादा रोजचं जेवण जेवणाऱ्या निरोगी माणसाची आहे. जेवढं पोटात जातं, त्यातलं बहुतेक मूत्रपिंडं बाहेर टाकतात, म्हणून ती एवढी रुंद.

रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं. ते ३ पर्यंत उतरलं की मूत्रपिंडांनी हात आखडता घ्यायला हवा. लघवीतून दिवसाला २५-३० मिलिमोलच्या आतच जायला हवं. आईचं ६२ जातंय, म्हणजे गळती मूत्रपिंडांतूनच आहे. जुलाबांमुळे किंवा जेवण तुटल्यामुळे कमी झालं असतं, तर हा आकडा बराच खाली दिसला असता.

राहून गेलेल्या लघवीची चिंता नको. तिच्यामुळे आकडा कमी भरतो, खरा आकडा ६२ च्या वरच असणार. तरी लॅबला सांगा. त्याच डब्यातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, रोज साधारण सारखाच बाहेर पडणारा पदार्थ) मोजलं की गोळा करणं किती अपुरं राहिलं याचा अंदाज येतो. पुन्हा करायची वेळ आली तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली त्याच वेळी डब्यात धरून संपवायचं. त्या दिवशी पोटॅशियमचं औषध चालू होतं का, हेही डॉक्टरांना सांगा. त्यानेही आकडा वाढतो.

आता गोळी. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. माझा पहिला संशय तिच्यावरच. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. त्यात असं औषध नसेल, तर रक्तदाब आणि पोटॅशियमची गळती ही जोडी बघून मी रक्तातलं अल्डोस्टेरोन (मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं संप्रेरक) आणि त्याचं नियंत्रण करणारं रेनिन तपासायला सांगेन. मॅग्नेशियम तर तपासाच. ते कमी असलं की पोटॅशियम कितीही द्या, टिकत नाही, आणि ही तपासणी फार वेळा राहून जाते.

छातीत धडधड, चक्कर, श्वासाला त्रास किंवा हातपाय उचलेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात न्या. आईला हृदयविकार असेल किंवा ती डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेत असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा.