इंग्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्या कुटुंबातल्या मुलांचं असेसमेंट (सोशल वर्करने करायची गरजांची पाहणी) करताना वेगळं काय बघायचं?

पुण्यातून एमएसडब्ल्यू करून इकडच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे स्थानिक प्रशासनात, रुजू होताय, म्हणून विचारलंत. कायदा इतर मुलांना लागू होतो तोच, १९८९ चा चिल्ड्रन ॲक्ट. असेसमेंटचा त्रिकोणही तोच: मुलाच्या गरजा, आईबापांची कुवत, घर-परिसर. फक्त इथे परिसराचं खापर आईबापांवर फोडायची सगळ्यांना घाई असते. यावरून आमच्या मॅनेजरबाईंशी माझं चांगलंच वाजलं होतं, त्यामुळे उत्तर लांबणार.

२०२४ मधली गोष्ट. होम ऑफिसने (इथल्या गृहखात्याने) हॉटेलात ठेवलेलं इराकी कुर्द कुटुंब. शाळेची तक्रार अशी, की सात वर्षांचा मुलगा वर्गात पेंगतो, जेवणातला पाव खिशात कोंबून नेतो, कपड्यांना लघवीचा वास येतो. बाईंनी भेटीआधीच निकाल दिला: निग्लेक्ट, म्हणजे आईबापांचं दुर्लक्ष.

पहिल्या भेटीला आमच्या ऑफिसने अरबी दुभाषी पाठवला. आईला येते सोरानी, म्हणजे कुर्दी. मग अकरा वर्षांची लेक पुढे सरसावली, 'मी सांगते.' मी भेटच पुढे ढकलली. बाई चिडल्या, कारण ४५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहो, पण नवरा हात उचलतो का, हे आईला लेकीच्या तोंडून विचारायचं? मुलाची भाषा इंग्रजी नसेल तर दुभाषी घ्याच, असं व्हिक्टोरिया क्लिंबी या छळाने मेलेल्या लहान मुलीच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लेमिंगनी २००३ च्या अहवालात लिहून ठेवलंय. ते काय शोभेला?

दुसऱ्यांदा गेले तेव्हा खोली नीट बघितली. चौघांत एक खोली, फ्रिज नाही. दुधाची बाटली पिशवीत बांधून खिडकीबाहेर लटकवलेली. जेवण संध्याकाळी सहाला, रात्री नऊला पोरगं परत भुकेलं. खिशातला पाव त्यासाठी. चादरी, कपडे आई टबात धुऊन हीटरवर वाळत घालायची. कॉरिडॉरमध्ये रात्रभर दारं आपटत. हातात तेव्हा माणशी आठवड्याला ८.८६ पौंड, आणि अर्ज वर्षभर रखडल्याशिवाय कामाची परवानगी मागताही येत नाही. यात आईचं काय चुकलं?

मी तसंच लिहिलं. मसुदा परत आला: 'परिस्थितीचं निमित्त सगळेच सांगतात.' मी अक्षर बदललं नाही. मुलाला चिल्ड्रन ॲक्टच्या सतराव्या कलमाखाली (गरजू मुलांसाठीची) मदत, अंथरूण ओलं होण्यासाठी शाळेची नर्स, आईला जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि फ्रिजसाठी पत्रव्यवहार, एवढं पदरात पाडून घेतलं. बाई आता वरच्या पदावर आहेत. त्यांचं मत बदललं असेल असं वाटत नाही, माझं तर नाहीच.

तुमच्या कामाचं म्हणाल तर मुलाला प्रवासाची कहाणी उगाच उकरायला लावू नका. तुमची नोंद उद्या आश्रयाचं अपील ऐकणाऱ्या ट्रायब्युनलपुढे जाऊ शकते, आणि घाबरलेल्या पोराने सांगितलेल्या तारखेवरून बाप खोटारडा ठरू शकतो. झोप, शाळा, मित्र, भीती वाटली की कोणाला सांगतो, हे विचारा. राहायची सोय १९९९ च्या इमिग्रेशन आणि आश्रयाच्या कायद्याने होम ऑफिसकडे असली तरी मूल तुमच्या हद्दीत आहे. 'ते बघतील' म्हणून फाइल मिटवायची नाही. कुटुंबाला मध्येच दुसऱ्या गावी हलवलं तर तिथल्या कौन्सिलला स्वतः फोन करून कागद पाठवा, नाहीतर तिकडे पहिल्यापासून सुरुवात होते.

हो, खरंखुरं दुर्लक्ष आणि मारहाण या घरांतही असते. हॉटेल म्हणून ती माफ होत नाही; अशा वेळी मीही सत्तेचाळीसाव्या कलमाची, म्हणजे मुलाला गंभीर इजेचा धोका आहे का याची, चौकशी लावली आहे. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा. एकट्या आलेल्या मुलांचं वय ठरवणं हा तर निराळाच विषय.

रुजू झालात की अशा एखाद्या बाई भेटतीलच. त्यांनी मसुदा बदलायला लावला तर 'मॅनेजरच्या सूचनेवरून बदल' असं तारखेसकट फाइलमध्ये टाकून ठेवा.