परदेशातलं मिशनचं काम सारखं अडतंय, म्हणजे देव नको म्हणतोय का?

तुमचा प्रश्न मी नीट वाचला. उदगीरकडची तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यात शाळेच्या खोल्या बांधायला निघाली होती. अर्पण गोळा झालं, उपास-प्रार्थना झाल्या. आता व्हिसा नाकारला गेलाय, मोठा देणगीदार मागे सरलाय आणि मंडळीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो सैतान आडवा आलाय, नेट लावा. दुसरा म्हणतो देवानेच दार लावलंय, लोकांचे पैसे परत करा. आणि तुम्ही विचारताय, आमचा विश्वास कमी पडला का?

विश्वास कमी पडला म्हणून व्हिसा नाकारला जात नाही, भाऊ. हे आधी मनातून काढून टाका.

मी जालन्याचा. सगळी नोकरी हापसे दुरुस्तीत गेली, आता निवृत्त आहे आणि आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीवर आहे. 2019 पासून आमची मंडळी आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका मंडळीबरोबर हापशांच्या देखभालीचं काम ठरवते आहे आणि अजून आमचं कुणी तिथे पोहोचलेलं नाही. म्हणून हा प्रश्न माझाही आहे.

तुमच्यातल्या दोन्ही तटांना प्रेषित पौलाची पत्रं आणि त्याच्या प्रवासाची हकीकत शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात त्याला आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) वचन सांगायला पवित्र आत्म्यानेच मनाई केली, बिथुनियाला जाऊ दिलं नाही, आणि मग त्रोवसला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. थेस्सलनीकाकरांना तोच पौल लिहितो की आम्ही यायला बघत होतो पण सैतानाने आडकाठी केली. आणि रोमकरांना लिहिताना पंधराव्या अध्यायात ना आत्मा, ना सैतान. हाती घेतलेलं काम संपायचं होतं, म्हणून येता आलं नाही, एवढंच. एकाच माणसाचे तीन अडथळे, आणि तिन्हींचं कारण वेगळं. त्याने सगळ्यांवर एकच शिक्का मारला नाही. स्पेनला जायचा बेत तर त्याने लिहून ठेवला, पण तो तिथे पोहोचला की नाही हे बायबल सांगत नाही. त्यामुळे अडथळा आला की लगेच ‘सैतान’ किंवा लगेच ‘देवाची इच्छा नाही’ म्हणणं मला घाईचं वाटतं. आधी तो अडथळा कशाचा आहे हे विचारावं. ते विचारणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे असं मी मानतो.

आता आमच्याकडचं सांगतो.

मलावीच का, तर नातं जुनं आहे. जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी उभं केलं, शहराजवळ बेथेल गाव वसवलं. त्याच फ्री चर्चने 1875 साली मलावी सरोवराच्या काठी, केप मॅक्लिअरला, लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केलं. तिथे मलेरियाने माणसं गेली. 1881 ला ठाणं बांडावेला हलवलं, 1894 ला पुन्हा वर डोंगराकडे. पहिल्या कबरी खणल्या तेव्हा दार बंद झालं असं कुणी ठरवलं असतं तर? पण त्या मिशनचे डॉ. रॉबर्ट लॉज 1875 ला गेले ते 1927 पर्यंत तिथेच राबले. त्यांनी जागा बदलली, काम सोडलं नाही. याचं मला फार मोल वाटतं.

दुसरं नातं हापशाचं. पूर्वी खेड्यात बसवलेले बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले असायचे; सगळं गाव दिवसभर हापसायला लागलं की मोडायचे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस इथल्या मिशनच्या पाण्याच्या कामातून पोलादी हापसा तयार झाला, तो ‘जालना पंप’. सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या, आणि पुढे युनिसेफच्या मदतीने त्यातूनच ‘इंडिया मार्क टू’ घडला, जो आज आफ्रिकेतही जागोजागी आहे. आपल्या गावात जन्मलेलं ज्ञान आहे, ते घेऊन जावं, ही आमची मूळ कल्पना.

मार्च 2019 मध्ये इदाई चक्रीवादळाने मलावीचा दक्षिण भाग बुडवला, तेव्हा पहिलं अर्पण गोळा झालं. पुढच्या मार्चला टाळेबंदी लागली. आपल्याकडून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं 27 मार्च 2022 ला सुरू झाली. तोवर मलावीत कॉलरा पसरू लागला, त्या देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. तो ओसरायच्या आत, मार्च 2023 मध्ये फ्रेडी वादळ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या क्वाचा या चलनाचं 44 टक्के अवमूल्यन केलं गेलं आणि तिथल्या खर्चाचा आमचा सगळा हिशेब कोलमडला. प्रार्थना सभेत एक ताई रडत म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, आपण काय मागतोय अन् देव काय देतोय?’ त्या वेळी पाळकसाहेबांनी उत्तर दिलं नाही. शांतपणे स्तोत्र काढलं आणि सगळे गायले. ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. वादळाचं कारण मंडळीने स्वतःच्या पापात शोधू नये. तिथे माणसं मेली होती, आपलं नुसतं वेळापत्रक मोडलं होतं.

पण या थांबण्यात एक गोष्ट घडली. विमानं बंद होती तेव्हा तिथल्या मंडळीच्या वडिलांशी, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांशी, व्हॉट्सअॅपवर बोलणं वाढलं. एकदा त्यांनी गावातला पंप उघडताना व्हिडिओ कॉल लावला. मी फोन डोळ्यांजवळ धरून बघत होतो. आपल्याकडे मार्क टूचा वायसर बदलायचा तर हेड काढा, क्लॅम्प लावा, आणि जस्ताचे तीन-तीन मीटरचे पाईप तीन-चार गड्यांनी एकेक करून वर ओढा. शेवटच्या पाईपला सिलिंडर येतो तेव्हा कुठे झिजलेला वायसर हाती लागतो. तिथे एका बाईने एकाच पान्याने झाकण सैल केलं, कडी-आकड्याने जोडलेल्या सळया हातानेच ओढून काढल्या, रबरी सील बदललं. पाईप जागचा हललासुद्धा नाही. तो ‘अफ्रिदेव’ पंप, ज्याचं सुरुवातीचं काम मलावीतच झालेलं आहे. त्याला ना आपली चेन लागते, ना आपलं बेअरिंग. आम्ही न्यायला ठरवलेलं सामान त्या गावाच्या उपयोगाचं नव्हतं.

मग आम्ही त्यांनाच विचारलं, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय? ते म्हणाले, पंप आम्हाला येतो. सुटे भाग कुठे ठेवायचे, गावाकडून महिन्याला वर्गणी कशी घ्यायची, वही कशी लिहायची, ते सांगा. हे आमच्या महिला मंडळाला माझ्याहून चांगलं येतं. बचत गटाच्या वह्या त्यांनी वर्षानुवर्षं लिहिल्यात. आता जाणाऱ्यांच्या यादीत मेकॅनिक एक आणि बाया दोन. विमानं वेळेवर उडाली असती तर ही यादी अशी झाली नसती. यात देवाचा हात मला दिसतो. तुमच्या तिथल्या मंडळीलाही मोकळेपणी विचारा, खोल्याच हव्या आहेत का? कदाचित हव्याच असतील. पण विचारा.

देणगीदाराचं ऐका. आमचेही एक गृहस्थ अचानक थांबले होते आणि मंडळीत कुजबुज सुरू झाली की त्यांचा विश्वास उडाला. कमिटीतले दोघं जण त्यांच्या घरी जाऊन बसले तेव्हा कळलं की त्यांच्या सीएने थांबवलंय. कारण खरं होतं. आपल्याकडच्या धर्मादाय ट्रस्टने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्या रकमेला आयकराची सूट मिळत नाही, त्यासाठी सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, खास मंजुरी लागते. बँकाही ट्रस्टच्या खात्यातून असा पैसा सहज बाहेर जाऊ देत नाहीत. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत स्वतःच्या नावाने पाठवता येतात, त्यात भेट आणि देणगीही बसते. आणि उलट बाजूने, परदेशातल्या कुणी मित्रमंडळीने तुमच्या ट्रस्टला पैसे देऊ केले तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. आम्ही आता ट्रस्टचा पैसा इथल्या तयारीवर खर्च करतो आणि तिथला खर्च ज्याला द्यायचा तो स्वतःच्या खात्यातून पाठवतो. तुमच्या सीएला एकदा पाळकसाहेबांसोबत बसवा. लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करायला प्रभूनेच सांगितलंय, तेव्हा हिशेब मागणारा माणूस अविश्वासू ठरत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. आमच्या मेकॅनिकचं नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. राजपत्रात नावबदल छापून आला, मग आधार, मग पासपोर्ट. जाणाऱ्या प्रत्येकाचे कागद आजच एकत्र ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पीतज्वराची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि दाखला आयुष्यभर चालतो. तो नसेल तर इथिओपिया-केनियाकडून परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण तुमच्या मंडळीत निघेल. 2023 च्या दुष्काळात सरकारने जे 40 तालुके जाहीर केले त्यात जालना होता. उपासनेनंतर आमच्या एका म्हाताऱ्या आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आपल्या दारचा हापसा कोरडा पडलाय, लेकरं टँकरच्या मागं पळायलीत, अन् तुम्ही निघाले आफ्रिकेला?’ कुणाला काही बोलता येईना. हा ना सैतानाचा आवाज होता, ना अविश्वासाचा. आमच्या कमिटीने त्या उन्हाळ्यात मलावीचं अर्पण मागायचं थांबवलं, आणि जाणाऱ्या माणसांनी आसपासच्या वस्त्यांवरचे बंद हापसे उघडून बघायला सुरुवात केली. जिथे पाणी होतं पण पंप मोडला होता, तिथले चालू झाले. जिथे पाणीच खोल गेलं होतं तिथे काही करता आलं नाही. त्या वस्त्यांवरच्या बायांनी दुरुस्तीसाठी वर्गणीची वही सुरू केली, आणि मलावीला जाणाऱ्या दोघी ती वही तिथेच शिकवून शिकवून तयार झाल्या. पुढे पावसाळ्यात आक्कांनीच स्वतःहून मलावीच्या डब्यात पैसे टाकले. 2024 ला तिकडेही दुष्काळ पडला होता, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

माझा विश्वास या काळात कसा टिकला असं विचाराल तर खरं सांगतो, एकट्याने टिकला नाही. दर शुक्रवारी प्रार्थना सभेत तिथल्या वडिलांचं नाव घेतो आणि ते त्यांच्या उपासनेत आमच्या मंडळीचं नाव घेतात. त्यांच्यावर वादळ आलं, कॉलरा आला, भाकरी महागली, आणि तरी ते आमच्या पावसासाठी प्रार्थना करत होते. आपण जाऊ किंवा न जाऊ, ती मंडळी आपल्याला भावंडांसारखी मिळाली, हे मला खरोखर देवाचं दान वाटतं. म्हणून तुमच्याकडे जे पैसे परत करा म्हणतायत त्यांना एवढंच सांगा की निर्णय तिकडच्या लोकांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काम जितकं आपलं, तितकं त्यांचंही आहे.

आता व्हिसाचं. नकाराचं पत्र काढा आणि कारण म्हणून काय लिहिलंय ते बघा. तुम्ही पर्यटक म्हणून अर्ज केला होता का? बांधकाम, शिकवणं, उपदेश यांसाठी बऱ्याच देशांत वेगळ्या प्रकारचा व्हिसा किंवा परवाना लागतो, आणि तिथल्या नोंदणीकृत मंडळीचं निमंत्रणपत्र लागतं, ज्यात तुमचं काम, मुक्काम आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पुढच्या अर्जात आधीचा नकार लपवू नका. देश कोणता आणि पत्रात कारण काय दिलंय, एवढं इथे खाली लिहा, नावं-नंबर मात्र टाकू नका. आमच्या कमिटीत हे कागद करणारे एक जण आहेत, त्यांना विचारून सांगतो.